आधी चेंबरचं झाकण उघडा

आमच्या गॅरेजचं काम संपलं. कौन्सिलची परवानगी आली, वॉटर कंपनीची संमती आली, बिल्डिंग कंट्रोलचं सर्टिफिकेटही आलं. 'आता झालं ना, सोड विषय,' असं घरातले म्हणतात. मला सोडायचा नाही. लंडनच्या वायव्येकडच्या उपनगरांत आपली कितीतरी मराठी कुटुंबं आमच्यासारख्याच, १९३० च्या दशकात बांधलेल्या सेमी-डिटॅच्ड घरांत राहतात, आणि कुठेही चार जण जमले की कोणाचं तरी एक्स्टेन्शन निघालेलं असतं. ज्यांना आम्ही सल्ल्याचे पैसे मोजले, त्यांनी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. म्हणून ते मी सांगते आहे.

गरज अगदी साधी होती. ही घरं बांधली तेव्हा गाड्या लहान होत्या, त्यामुळे गॅरेजही अरुंद. आमची गाडी आत जायची, पण दार पुरतं उघडायचं नाही. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. त्यांना पावसात ड्राइव्हवर उतरवायचं, मग गाडी आत घ्यायची, हे रोजचं. तेव्हा ठरवलं की बाजूची मोकळी पट्टी घेऊन गॅरेज रुंद करायचं आणि मागे लांबवून तिथे वॉशिंग मशिनसाठी छोटी यूटिलिटी काढायची. घराच्या मागे आधीच्या मालकाने वाढवलेली एक खोली होती. नवं बांधकाम तिला जाऊन भिडणार होतं. हे भिडणं लक्षात ठेवा, पुढचं अर्धं रामायण त्यातून घडलं.

नकाशे काढायला ज्या गृहस्थांना नेमलं, त्यांच्या कार्डवर 'आर्किटेक्चरल डिझायनर' असं छापलेलं होतं. ब्रिटनमध्ये 'आर्किटेक्ट' हे बिरुद १९९७ च्या कायद्याने राखून ठेवलेलं आहे. आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे ज्याची नोंद आहे, त्यालाच ते लावता येतं. 'डिझायनर' मात्र कोणीही म्हणवून घेऊ शकतो. त्यांच्यात उत्तम काम करणारी माणसं आहेत, हे मला मान्य आहे. आमच्या वाट्याला ती आली नाहीत.

मी पहिल्याच ई-मेलमध्ये दोन प्रश्न विचारले होते. प्लॅनिंग परमिशन लागेल का? आणि मागच्या अंगणात चेंबरचं झाकण आहे, त्याचं काय करणार? उत्तर दोन ओळींचं आलं. पहिली ओळ : हे काम परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसतं, अर्जाची गरज नाही. दुसरी ओळ : ड्रेनेजचं बिल्डर साइटवर बघेल. हा ई-मेल मी आजही जपून ठेवला आहे, कारण पुढे हेच गृहस्थ 'तुम्ही कधी विचारलंच नाही' असं म्हणाले.

बिल्डर ओळखीतूनच आलेला. नकाशात गटाराची एक रेघही नव्हती आणि त्याला ते खटकलं नाही. परवानगीबद्दल विचारलं तर म्हणाला, 'अडीच मीटरच्या आत उंची ठेवली की काही लागत नाही, मी शेकडो केली आहेत.' अडीच मीटरचा तो नियम घरापासून सुट्या असलेल्या शेडचा. सुटं बांधकाम कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल, तर त्याची उंची अडीच मीटरपेक्षा जास्त नको, इतकंच तो सांगतो. घराला चिकटून असलेलं गॅरेज त्या नियमात येतच नाही. ते घराचंच एक्स्टेन्शन धरलं जातं, आणि त्याचं कलम वेगळं आहे.

पाया खणून भिंती जोत्यापर्यंत आल्या आणि कौन्सिलच्या एन्फोर्समेंट विभागाचं पत्र आलं : तक्रार आली आहे, काम कोणत्या परवानगीने चाललं आहे ते कळवा. तक्रार कोणी केली ते कौन्सिल सांगत नाही. मला अंदाज आहे, पण अंदाजावर मी कोणाचं नाव घेणार नाही. इतकंच म्हणते, की जो माणूस रोज हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो, त्याने एकदा दार वाजवून विचारलं असतं तर आम्ही नकाशे टेबलावर पसरले असते.

अधिकारी बाई आल्या, टेप लावली आणि मागच्या जुन्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, 'ही मूळ घराची आहे का?' मी नाही म्हटलं. 'मग हे परमिटेड डेव्हलपमेंट नाही,' त्या शांतपणे म्हणाल्या. नियम असा आहे : मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसं होतं ते, किंवा त्यानंतर बांधलेलं असेल तर पहिल्यांदा जसं बांधलं ते. आधीच्या मालकाने जोडलेली खोली मूळ घरात धरत नाहीत. परवानगीशिवाय बाजूला जे वाढवायचं, त्याची रुंदी मूळ घराच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. आणि नवं बांधकाम जुन्या वाढीव भागाला चिकटलं, की दोन्ही मिळून एकच वाढ धरतात. आमचं गॅरेज मागच्या खोलीला भिडलं, घराला एल आकाराचा वेढा पडला आणि एकत्र रुंदी निम्म्याच्या कितीतरी पुढे गेली. हे प्रकरण इतकं नेहमीचं आहे, की इथल्या प्लॅनिंगवाल्यांकडे त्याला नावच आहे, 'रॅपअराउंड'. ज्याचा धंदाच एक्स्टेन्शनचे नकाशे काढण्याचा, त्याला ते ठाऊक नसावं हे मला आजही पटत नाही.

काम झाल्यावरही अर्ज करता येतो. परवानगीविना बांधणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण कौन्सिलने एन्फोर्समेंट नोटीस बजावल्यावर ती धुडकावणं हा गुन्हा आहे. आम्ही काम थांबवून लगेच अर्ज केला. शेजाऱ्यांना मत द्यायला २१ दिवस असतात आणि अशा घरगुती अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत व्हावा असा नियम आहे. नाशिकचा माझा भाऊ फोनवर म्हणाला, 'साठ दिवस होऊ दे, मानीव परवानगी मिळते.' महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याच्या ४५ व्या कलमात तशी तरतूद आहे, तीही नकाशा नियमांत बसत असेल तरच. इंग्लंडमध्ये आठ आठवडे उलटले म्हणून परवानगी मिळत नाही. मिळतो तो फक्त अपिलाचा हक्क.

'चार वर्षं काढली की कोणी काही करू शकत नाही' हेही आम्हाला ऐकवलं गेलं. इंग्लंडमध्ये ती मुदत २५ एप्रिल २०२४ पासून दहा वर्षं झाली आहे. जुन्या माहितीवर नवा सल्ला देणारे फार आहेत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. खरा घाव जमिनीखालून बसला.

काम बंद असताना एका सकाळी मी मागे गेले. उघड्या चरात तपकिरी रंगाचा, मातीचा, जुना भाजका पाइप दिसत होता. तो आमच्या घराकडून येत नव्हता. एका बाजूच्या कुंपणाखालून येऊन दुसऱ्या बाजूच्या कुंपणाखाली जात होता. पायाचं काँक्रीट त्याच्या दोन्ही अंगांना आणि वरूनही ओतलेलं होतं. शेजारच्या घरात कोणीतरी फ्लश केला आणि त्या पाइपातून पाणी गेल्याचा आवाज मी ऐकला. त्या क्षणी मला कळलं, की हे गटार आमचं नाही, आमच्या रांगेचं आहे, आणि त्यावर आमच्या भिंतीचं ओझं पडणार आहे.

बिल्डरला फोन केला. तो म्हणाला, 'तुमच्या हद्दीतला पाइप तुमचा.' हे २०११ पर्यंत बऱ्याच घरांच्या बाबतीत खरं होतं. १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकाहून जास्त घरांचं सांडपाणी वाहणाऱ्या, सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या बहुतेक सगळ्या खासगी वाहिन्या वॉटर कंपन्यांच्या मालकीच्या झाल्या. फक्त आपल्या घराचं पाणी नेणारा, आपल्या हद्दीतला पाइप तेवढा आपला राहिला. १९३० च्या रांगांमध्ये एकच गटार सगळ्यांच्या मागच्या अंगणांतून गेलेलं असतं. म्हणजे अशा घराच्या मागे सार्वजनिक गटार आहे असंच धरून चालावं. त्यापासून तीन मीटरच्या आत बांधायचं, तर वॉटर कंपनीशी 'बिल्ड ओव्हर' करार आधी करावा लागतो. आधी. पाया भरल्यावर नाही.

दोघांनाही एकत्र बोलावलं. डिझायनर म्हणाला, 'मी फक्त नकाशे काढतो.' बिल्डर म्हणाला, 'मी नकाशाप्रमाणे बांधतो.' मी ई-मेल दाखवला. डिझायनरने तो वाचला आणि म्हणाला, 'बिल्डर बघेल असंच तर लिहिलंय.' माझ्या स्वयंपाकघरात माझा चहा पिता पिता दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. पाइप फुटला असता तर मैला आमच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही घरात उलटा आला असता. त्याबद्दल दोघांपैकी एकही चकार शब्द बोलला नाही.

वॉटर कंपनीचा माणूस मात्र कामाचा निघाला. त्याने पाइपात कॅमेरा घालून चित्रण मागवलं. पाइप शाबूत होता, हे आमचं नशीब. मग त्याने काय हवं ते स्पष्ट सांगितलं. वाहिनीभोवतीचं काँक्रीट काढायचं. भिंतीतून पाइप जातो तिथे वर लिंटेल टाकायचं आणि पाइपाभोवती किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे भिंत खचली तरी पाइप दबत नाही. वाहिनीलगतचा पाया तिच्या तळापेक्षा खाली न्यायचा, म्हणजे ओझं खालच्या जमिनीवर जातं. आणि नव्या यूटिलिटीच्या जमिनीत येणारं चेंबर बाहेर, उघड्यावर हलवायचं. इमारतीच्या आत सार्वजनिक गटाराचं चेंबर त्यांना चालत नाही. तुंबलं की उपसायला यायचं कुठून? काम झाल्यावर पुन्हा कॅमेरा घालून पाइपला धक्का लागला नाही हे दाखवायचं.

जोत्यापर्यंत आलेली मागची भिंत पाडली. बिल्डरने ते 'जादा काम' म्हणून बिलात लावलं. मी ते बिल परत पाठवलं. बरीच पत्रापत्री होऊन निम्म्यावर तडजोड झाली, आणि ते निम्मंही देताना माझा हात जड झाला होता.

राहिलं पावसाचं पाणी. छप्पर वाढलं की पाणी वाढतं. ते कुठे सोडायचं याचा इंग्लंडच्या बांधकाम नियमांत क्रम ठरलेला आहे : जमत असेल तर शोषखड्डा, नाहीतर ओढा-नाला, आणि दोन्ही शक्य नसेल तरच गटार. बिल्डिंग कंट्रोलने विचारल्यावर आमच्या डिझायनरने घाईघाईत नकाशावर एक शोषखड्डा काढून दिला. शोषखड्डा इमारतीपासून किमान पाच मीटर दूर हवा. त्याने काढलेला यूटिलिटीच्या भिंतीला लागून होता. दुसरं म्हणजे आमच्या भागात जमिनीखाली लंडन क्ले आहे, घट्ट चिकणमाती. इन्स्पेक्टरने चाचणी करायला सांगितली : खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा आणि पाणी किती वेळात उतरतं ते मोजायचं. आमच्या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही जवळजवळ तसंच होतं. मग पावसाच्या पाण्याच्या वेगळ्या गटाराला जोडणी घेतली, त्याचीही संमती वेगळी.

इथे आणखी एक गोष्ट आली, जी मी वेळेवर थांबवली. प्लंबर वॉशिंग मशिनचा पाइप गॅरेजजवळच्या पन्हळीच्या जाळीत सोडायला निघाला होता, कारण ती जवळ होती. आमच्याकडे मैल्याची आणि पावसाची गटारं वेगळी आहेत. पावसाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ते सरळ ओढ्यात आणि पुढे ब्रेंट नदीत जातं. म्हणजे आमच्या कपड्यांचा साबण नदीत. मशिन, सिंक, शॉवर यांचं पाणी मैल्याच्याच वाहिनीला गेलं पाहिजे. प्लंबर जोडून निघून जातो, पण उद्या ते सापडलं तर बदलून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते.

पुढच्या ड्राइव्हचंही सांगते. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आला, की घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त फरसबंदी करायची, तर ती पाणी जिरू देणारी हवी किंवा तिचं पाणी आपल्याच वाफ्यात गेलं पाहिजे. नाहीतर परवानगी लागते. आमचा ड्राइव्ह गॅरेजकडे उतरता आहे. दारापाशी आडवी जाळीची नाली घातली नसती, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी नव्या गॅरेजमध्येच आलं असतं. ही नाली नकाशात नव्हती. ती मी मागून घेतली.

आता तुम्हाला सांगायचं ते असं.

पहिलं, इंग्लंडमध्ये तीन दारं वेगवेगळी आहेत : कौन्सिलचं प्लॅनिंग, बिल्डिंग कंट्रोल आणि वॉटर कंपनी. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने म्हटलं असं होत नाही. प्लॅनिंगवाले गटार बघत नाहीत आणि वॉटर कंपनी उंची बघत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये प्लॅनिंगचे नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी तिथले पाहावेत.

दुसरं, परवानगी लागत नाही असं कोणी म्हणालं, तर कौन्सिलकडून 'लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट' घ्या. काम सुरू करण्यापूर्वी घेतलं तर त्याची फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी असते. घर विकताना हाच कागद उपयोगी पडतो. नव्या वसाहतींत गॅरेज गाडीसाठीच ठेवावं अशी अट मूळ परवानगीत असू शकते, ती कौन्सिलच्या नोंदींत शोधा.

तिसरं, आधीच्या मालकाने काय वाढवलं ते शोधून काढा. नवं काम त्याला भिडणार असेल, तर सरळ अर्जच करा.

चौथं, नकाशे काढायला देण्याआधी वॉटर कंपनीकडून गटाराचा नकाशा मागवा, पण त्यावर विसंबू नका. २०११ साली ताब्यात आलेल्या अनेक वाहिन्या त्यांच्या नकाशांवर नाहीत. चेंबरची झाकणं उघडायला लावा. शेजाऱ्याकडे पाणी सोडून आपल्या चेंबरमध्ये येतं का ते पाहा. कॅमेऱ्याची तपासणी करून घ्या. पाडलेली भिंत पुन्हा बांधण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

पाचवं, पार्टी वॉल कायदा, १९९६ चा. शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत, तिच्या पायापेक्षा खोल खणायचं, तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्या डिझायनरने हेही 'लागत नाही' म्हणून उडवून लावलं होतं. ती नोटीस वेळेवर गेली असती, तर शेजाऱ्यांशी बोलणं आधीच झालं असतं आणि कदाचित ते पत्र आलंच नसतं. पन्हळ आणि पायाही आपल्या हद्दीतच ठेवा.

सहावं, सगळं लेखी घ्या आणि जपून ठेवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय देऊ नका. घाई करू नका. ओळखीतला आहे म्हणून करारनाम्याशिवाय काम देऊ नका.

महाराष्ट्रात बंगल्याचं गॅरेज वाढवणाऱ्यांनाही इतकंच सांगेन, की साइड मार्जिनमध्ये बांधायच्या आधी तिथून कोणाची ड्रेनेज लाइन गेली आहे ते बघा. कायदे वेगळे असले, तरी मैला सगळीकडे उताराकडेच वाहतो.

आम्हाला परवानगी मिळाली ती नव्या नकाशांवर : मागचा भाग आखूड केला, जुन्या खोलीशी संबंध तोडला, यूटिलिटी लहान झाली. सुरुवातीला कोणी खरं सांगितलं असतं, तर हेच सगळं कमी पैशांत आणि मनस्तापाविना झालं असतं. डिझायनरने फी परत केलेली नाही, दिलगिरीचा एक शब्दही लिहिलेला नाही.

तुम्ही ज्याला काम देणार आहात, त्याला पहिल्याच भेटीत विचारा : 'मैल्याचं पाणी कुठून जातं आणि पावसाचं कुठे सोडणार?' त्याने नकाशावर बोट ठेवून उत्तर दिलं तर पुढे बोला. 'साइटवर बघू' म्हणाला, तर त्याला काम देऊ नका.